गव्हाणीत कोणी डोकावत नाही

गेल्या पावसाळ्यात आमचा दूधवाला मुलगा गावी गेला आणि महिनाभर पहाटे किटली घेऊन मीच तबेल्यावर जाऊ लागले. कळव्यात राहायला आल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, आमच्याकडे त्याच तबेल्याचं दूध येतं. माझी दोन्ही मुलं त्या दुधावर वाढली. पण तबेल्याच्या आत पाऊल टाकलं ते त्या महिन्यातच.

चाळीस-पंचेचाळीस म्हशी, दोन रांगा, मधून वाहणारी शेणमुताची गटार. एका कोपऱ्यात निळं पिंप होतं आणि त्यात पाव भिजत घातले होते. बेकऱ्यांमधून, हॉटेलांमधून उरलेले, परत आलेले. वर तरंगणाऱ्या पावांवर हिरवट-काळी बुरशी इतकी दाट होती की बोटानं खरवडून निघाली असती. शेजारी सरकीच्या पेंडीची पोती. खालच्या पोत्याला ओल लागून पेंडीचा गठ्ठा झाला होता आणि गडी तो फावड्यानं फोडून घमेल्यात भरत होता. पिंपातले पाव आणि ती पेंड एकत्र कालवून गव्हाणीत गेली. म्हशी मुकाट्यानं खाऊ लागल्या. पलीकडच्या रांगेत धार काढणं चालू होतं, आणि तेच दूध माझ्या किटलीत आलं.

मालक ओळखीचे. त्यांना विचारलं, तर त्यांनी काहीही लपवलं नाही. म्हणाले, "ताई, पावसात वाड्या-मुरबाडकडचं गवत ओलं येतं, कडबा परवडत नाही. म्हशीचं पोट तर भरायला पाहिजे ना." तपासायला कोणी येत नाही का, असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. शेणाच्या तक्रारीवरून कोणीतरी येतं. कधीतरी नाक्यावर गाडी थांबवून दुधाचा नमुना घेतात. परवान्याचे कागद बघायला कोणी येतं. "पण गव्हाणीत आजवर कोणी डोकावलं नाही," एवढं ते म्हणाले.

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं की दुधाची तपासणी दुधापासून सुरू करणं हीच आपली चूक आहे. ती गव्हाणीपासून सुरू व्हायला हवी. आणि ती करायला हवी जनावरांच्या डॉक्टरांनी, हातात औषधाची पेटी घेऊन.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा. दुधात पाणी घातलं, युरिया घातला, स्टार्च घातला तर पकडायचं ते याच कायद्यानं. पण त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की शेतकरी, शेतीची कामं, पीक आणि पशुधन यांना हा कायदा लागू नाही. 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतूनही जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. लहान शेतकऱ्याला अधिकाऱ्यांचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू मला समजतो आणि पटतोही. पण ठाण्यासारख्या शहरात वस्तीच्या मधोमध चाळीस म्हशी बांधून रोज शेकडो लिटर दूध विकणारा तबेला आणि शहापूरच्या पाड्यावर दोन गाई पाळणारं घर हे एकाच न्यायानं कसं चालेल? कायदा तबेल्याच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. नेमका धोका मात्र उंबऱ्याच्या आत आहे.

हा नुसता माझा अंदाज नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०१८मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन तपासले. आपण सगळे ज्याला घाबरतो त्या भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले फक्त १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने मात्र ३६८ होते, आणि प्रतिजैविकांचे (अँटिबायोटिक औषधांचे) अंश जास्त असलेले ७७. म्हणजे सरकारच्याच पाहणीत भेसळीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा निघाला तो चाऱ्यातून आणि औषधातून येणारा दोष. शिवाय हे विष सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक आढळलं. तेव्हा 'आम्ही तर पिशवीचंच घेतो' म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पिशवीतलं दूधही शेवटी कुठल्यातरी गव्हाणीतूनच आलेलं असतं.

हे अफ्लाटॉक्सिन येतं बुरशीतून. सरकी, शेंगदाण्याची पेंड, मका, शिळा पाव असं काहीही ओलसर जागी राहिलं की त्यावर ही बुरशी धरते. म्हशीनं ते खाल्लं की त्या विषाचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो. ते यकृताला घातक आहे, आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर कर्करोगालाही कारण होतं. आपल्याकडे दुधासाठी किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरलेली आहे. आपल्या घरोघरी दूध उकळून पितात. आईनं शिकवलं, आजीनं शिकवलं, आणि ते बरोबरच आहे, कारण उकळल्यानं जंतू मरतात. पण हे विष उकळून जात नाही. कितीही वेळा ऊतू जाईपर्यंत तापवा, ते तसंच राहतं. म्हणजे जी एक गोष्ट घरातली बाई स्वतःच्या हातानं करू शकते ती इथं उपयोगी नाही. इथं दुसऱ्या कोणीतरी, आधी, तबेल्यातच काहीतरी करायला हवं.

आणि करण्यासारखं थोडंच आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. बुरशीचं खाणं बंद केलं की तीन-चार दिवसांत दुधातलं विष उतरतं. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवणं, पावसाळ्यात एका वेळी आठवड्यापुरतीच पेंड भरणं, बुरशी लागलेलं सरळ टाकून देणं, एवढं पुरे. मी त्या मालकांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून चकित झाले. पाव शिळा असतो हे त्यांना माहीत होतं. त्याचं विष दुधात उतरतं हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तीस वर्षं धंदा करणाऱ्या माणसाला हे एका शेजारणीकडून कळावं, ही आपल्या व्यवस्थेची खरी अवस्था आहे.

औषधांचं दुखणं याहून अवघड आहे. म्हशीची कास सुजते. तबेल्यात एका जागी बांधलेल्या, ओल्या फरशीवर बसणाऱ्या म्हशींना हे वरचेवर होतं. मग सडात प्रतिजैविक सोडतात किंवा इंजेक्शन देतात. औषध शरीरातून निघून जाईपर्यंत ते दूध विकायचं नसतं. त्या औषधासाठी वेगळी मुदत ठरलेली नसेल तर निदान सात दिवस दूध वापरू नये, असा नियम २०१२पासून औषध नियमांत आहे. आता साधा हिशेब करा. म्हैस दिवसाला आठ लिटर देत असेल तर सात दिवसांचं छप्पन्न लिटर झालं. ऐंशी रुपयांनी धरलं तरी साडेचार हजारांच्या आसपास दूध गटारीत ओतायचं, आणि म्हशीला खाऊ तर घालायचंच. चाळीस म्हशींत महिन्याला दोन-तीन अशा निघाल्या तर? नियम लिहिणाऱ्यानं हा हिशेब केला असेल असं मला वाटत नाही. मालक ते दूध इतर म्हशींच्या दुधात मिसळतो. त्याला दुष्ट म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या जागी असते तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. म्हणून मला वाटतं, औषध चालू असलेल्या म्हशीचं दूध बाजूला ठेवणाऱ्याला त्याचा काही भाग भरून मिळाला पाहिजे. विम्यातून मिळो, दूध संघाच्या निधीतून मिळो, सरकारकडून मिळो.

भरपाईची ही कल्पना नवी नाही, आपल्याच राज्यात ती चाललेली आहे. २०२२मध्ये लम्पी या गुरांच्या रोगाची साथ आली तेव्हा मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये द्यायचं राज्यानं ठरवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला कोंबड्या मरू लागल्या. शंभरेक पक्षी दगावले, नमुने गेले, बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याची मोहीम निघाली. आधीच्या वर्षीच, जानेवारी २०२१मध्ये, ठाण्यात घोडबंदर रस्त्याला मेलेल्या बगळ्यांमध्ये हाच रोग सापडला होता. त्या वेळी राज्यानं नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी दर ठरवून दिले होते: अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसासाठीच्या मोठ्या पक्ष्याला ७० रुपये. दर कमी आहे, मान्य. पण ही भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगानं आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे कोंबडीवाला लवकर कळवतो, कारण उशीर केला तर नुकसान त्याचंच. तपासणी आणि भरपाई अशी जोडीनं आली की माणूस रोग लपवत नाही. म्हशीच्या सुजलेल्या कासेला हा विचार आपण का लावत नाही?

मुंबईजवळच्या तबेल्यांना शिस्त लावण्याचा सगळ्यात मोठा प्रयत्न झाला तो आरेला. १९४९मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. मुंबई शहरात दाटीवाटीनं बांधलेल्या म्हशी तिथं नेण्यात आल्या. दारा खुरोडी हे त्यामागचं नाव. १९६३चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांनाही मिळाला, पण आज त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. आरेत सरकारनं मालकांना नुसतं 'शहराबाहेर जा' म्हटलं नाही. गोठे दिले, पाणी दिलं, चारा दिला, डॉक्टर दिले आणि मग दुधावर देखरेख ठेवली. मोबदल्यात काही दिलं म्हणून देखरेख करण्याचा हक्कही आला. पुढे हाच प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यात दापचरीला करायचं ठरलं. दापचरी पडली दूर, गुजरातच्या सीमेला. दूध शहरात लागतं, गिऱ्हाईक शहरात, आणि म्हशी शंभरेक किलोमीटरवर! ते रुजलं नाही.

त्यामुळे 'तबेले शहराबाहेर काढा' ही मागणी आमच्या सोसायटीच्या सभेत दरवर्षी होते तेव्हा मी हात वर करत नाही. वास येतो, माश्या होतात, नाला तुंबतो, हे सगळं खरं. चारशे किलोच्या जनावरामागे दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हिशेब आहे. शंभर म्हशी म्हणजे रोजचं दीड-दोन टन. ते धुऊन नाल्यात सोडलं तर जातं ठाण्याच्या खाडीत, आणि त्या खाडीला २०२२मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे, तिथं फ्लेमिंगो उतरतात. शेणाचा बंदोबस्त झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण तबेला भिवंडीच्या पलीकडे नेला की शेण दुसऱ्याच्या नाल्यात जाईल, आणि बुरशीचा पाव? तो तसाच आमच्या चहात येईल. फक्त आपल्याला दिसणार नाही.

लहानांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो माझ्या घरचा आहे. माझं माहेर घणसोलीचं. १९७०मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या आणि त्यांच्याबरोबर चरायच्या जागाही गेल्या. आजोबांच्या दावणीला दहा-बारा जनावरं असायची. आज माझा चुलतभाऊ गावठाणात घरामागच्या बोळात तीन म्हशी पाळतो. नागरी भागात गुरं पाळायला आणि त्यांची ने-आण करायला परवाना लागतो, असा राज्याचा १९७६चा कायदा आहे. दादाकडे परवाना आहे की नाही हे विचारायचीही मला भीती वाटते. कोणी गणवेशातला माणूस बोळात दिसला की वहिनी म्हशींवर ताडपत्री ओढते. अशा घरात तपासणी म्हणजे संकट. म्हणून नियम संख्येवर ठरले पाहिजेत. कुक्कुटपालनात प्रदूषणाच्या नियमांसाठी पक्ष्यांच्या संख्येनुसार टप्पे पाडलेले आहेत, पाच हजार, पंचवीस हजार, एक लाख असे. म्हशींसाठीही तसंच करा. तीन म्हशींच्या घराला लस, सल्ला आणि नोंद, बस. चाळीसच्या वर म्हशी असतील तर चाऱ्याचा नमुना, औषधांची वही, शेणाची व्यवस्था, सगळं.

माझे मित्र म्हणतात, तू आणखी एक हप्ता सुरू करायला निघाली आहेस. तपासनीस आला की पाकीट आलं. मी ही शंका हसून टाळत नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. पण ज्याच्या हातात फक्त पावतीपुस्तक असतं त्यालाच पाकीट मिळतं, असं मी पाहत आले आहे. डॉक्टरांनी तपासावं, लस टोचावी, औषध द्यावं आणि वहीत लिहावं. दंड करण्याचं काम दुसऱ्याच खात्यानं करावं, त्याच वहीवरून. आणि चाऱ्याच्या नमुन्याचा निकाल तबेल्याच्या दारावर लावावा, म्हणजे किटली घेऊन येणाऱ्या बायका तो वाचतील. अधिकाऱ्याला पैसे देऊन गप्प करता येईल. शंभर गिऱ्हाइकांना कसं करणार? मी आमच्या मालकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "येऊ द्या की. फक्त येताना औषध घेऊन येऊ द्या."

त्या वहीत काय लिहायचं, याबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पान्हा सोडण्यासाठी म्हशीला टोचतात त्या इंजेक्शनबद्दल आपण खूप ऐकतो. जनावराला इजा होईल अशा रीतीनं दूध वाढवण्यासाठी टोचणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धाड पडते ती बाटली शोधायला. बाटली खिशात मावते, ती सापडत नाही. त्याऐवजी रेडकं मोजावीत. चाळीस दुभत्या म्हशी आहेत तर रेडकं किती? चाळीस म्हशी व्यायल्याशिवाय दूध देत नाहीत. त्यांची पिल्लं कुठं गेली? मी त्या पहाटे मोजली. सहा होती, आणि त्यातली दोन उभीही राहू शकत नव्हती. दूध विकायचं म्हणून रेडकाला पाजायचं नाही, नर असेल तर मुळीच नाही. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, आणि मग सुई येते. मूळ तिथं आहे. जन्मलेल्या प्रत्येक रेडकाची नोंद झाली आणि त्याचं पुढे काय झालं हे लिहावं लागलं, तर सुया आपोआप कमी होतील. याच कायद्याच्या अकराव्या कलमात जनावराला उपाशी ठेवण्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठच्या दशकात पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात एक लिटर दूधही येत नाही. हा दंड बदलण्याचं काम दिल्लीतलं आहे, पण रेडकं मोजण्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

नोंदीची सोयही झालेली आहे. जून २०२४पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. पिवळा बिल्ला, बारा आकडी क्रमांक. त्याच क्रमांकावर औषधाची तारीख आणि दूध बंद ठेवायचे दिवस चढवले की झालं.

उरला प्रश्न डॉक्टरांचा. कत्तलखान्यांसाठीच्या २००१च्या नियमांत लिहिलं आहे की एका पशुवैद्यानं तासाला बारापेक्षा आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत. मरणाऱ्या जनावरासाठी आपण डॉक्टरांचा वेळ इतका काटेकोर मोजला. जी रोज दूध देतात त्यांच्यासाठी किती डॉक्टर हवेत याचा आकडा राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६मध्येच दिला होता, पाच हजार जनावरांमागे एक. जनावरं मोजताना गाव डोळ्यांपुढे असतं. शहरातली म्हैस तिथं शेतीची धरली जात नाही, आणि शहराच्या हिशेबात ती नुसता उपद्रव ठरते. ठाणे, नवी मुंबई, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातल्या तबेल्यांसाठी स्वतंत्र फिरते पशुवैद्य नेमणं हा खर्च महापालिकांच्या आवाक्यातला आहे. आरोग्य केंद्रात लहान मुलांसाठी जो खर्च करतो त्याचाच तो भाग समजावा, कारण हे दूध तीच मुलं पितात.

पावसाळ्याआधी घटसर्पाची लस देतात. जिथं लस पोहोचते तिथं डॉक्टर मे महिन्यात जनावरांपर्यंत गेलेलेच असतात, वेगळी फेरी लागत नाही. आमच्या इमारतीतल्या अकरा घरांनी मिळून या वर्षी एक अर्ज दिला आहे. लशीला याल तेव्हा पेंडीचा आणि पावाच्या पिंपातला एकेक नमुना न्या, श्रावणात पुन्हा एकदा न्या, निकाल दारावर लावा. पेंड खराब निघाली तर दूध बंद पाडू नका, त्या आठवड्यात चांगली पेंड कुठं मिळेल ते मालकांना सांगा. अर्जावर अकरावी सही तबेल्याच्या मालकांच्या सुनेची आहे. ती आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि तिला सात महिन्यांचा मुलगा आहे.